किल्लीकडून परवानगीकडे : स्वयंचलित घरातील स्मार्ट कुलपाची चिकित्सा

गोषवारा

घरगुती स्वयंचलन यंत्रणेला जोडलेल्या स्मार्ट कुलपाकडे सामान्यतः सोय आणि सुरक्षितता या दोन निकषांवर पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा प्रवेशाच्या अधिकाराच्या अंगाने केली आहे. किल्ली ही बाळगण्याची वस्तू आहे, तर स्मार्ट कुलूप परवानगीवर चालते. आणि परवानगी म्हटली की ती देणारा आणि नाकारणारा कोणीतरी असतोच. हा परवानगी देणारा नेमका कोण, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. झिमेल आणि लातुर यांचे विवेचन, ब्रॅडबरी आणि डिक यांच्या कथात्म कृती तसेच २०१६ ते २०२२ या काळातील काही नोंदलेल्या घटना यांच्या आधारे त्याचा मागोवा घेतला आहे.

बीजसंज्ञा : स्मार्ट कुलूप, घरगुती स्वयंचलन, किल्ली, परवानगी, खासगीपणा, विज्ञानकथा.

१. प्रस्तावना

घर स्वयंचलित करण्याची कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये एक्स-टेन ही पद्धत विकसित केली. घरातील विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवून दिवे व उपकरणे चालू-बंद करणे हे तिचे सूत्र होते. पुढे बिनतारी तंत्रज्ञान आले, मोबाईल आला आणि दिवे, पंखे, पडदे, कॅमेरे यांच्या रांगेत घराचे मुख्य दारही येऊन बसले. आज स्वयंचलन यंत्रणेच्या पडद्यावर बैठकीच्या खोलीतील दिवा आणि घराचे कुलूप सारख्याच आकाराच्या चौकटीत शेजारी-शेजारी दिसतात.

या शेजारामुळे एक मूलभूत भेद झाकला जातो. दिव्याने आज्ञा पाळली नाही तर अंधार होतो; दाराने पाळली नाही तर माणूस घराबाहेर राहतो किंवा आत अडकतो. दिवा हे उपकरण आहे. दार ही घराची मर्यादा आहे आणि ती कोणी, कोणासाठी, केव्हा ओलांडायची हा अधिकाराचा प्रश्न आहे. म्हणून स्मार्ट कुलपाचे मूल्यमापन अन्य उपकरणांच्या मापाने करणे अपुरे ठरते.

२. कडी, कुलूप आणि किल्ली

दार बंद करण्याच्या क्रियेचे मराठी भाषेने केलेले वर्गीकरण येथे उपयोगी पडते. माणूस घरात असताना आतून कडी घालतो, खिट्टी सरकवतो. जुन्या वाड्यांत अडसर लावला जाई. घर सोडून जाताना मात्र तो कुलूप लावतो. कडी ही उपस्थितीची खूण आहे आणि कुलूप अनुपस्थितीची. ‘दाराला कुलूप आहे’ एवढे म्हटले की घरी कोणी नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘आतून कडी आहे’ म्हटले की दार ठोठावण्यात अर्थ असतो. दाराच्या आत बसवलेल्या लॅचने हा भेद पुसट केला. दार ओढले गेले आणि किल्ली आत राहिली, हा शहरी घरांतील नित्याचा अनुभव त्याचीच निष्पत्ती होय. स्मार्ट कुलपाने हा भेद जवळजवळ नाहीसा केला. आत कोणी आहे की नाही हे दाराकडे पाहून कळत नाही. ते ज्ञान मोबाईलच्या ॲपमध्ये आणि ॲप चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर स्थलांतरित झाले आहे.

किल्लीचे स्वरूपही तपासून पाहणे अगत्याचे आहे. किल्ली ज्याच्या हातात त्याला कुलूप उघडता येते. ती नाव विचारत नाही, वेळ नोंदवत नाही. तिच्यातील दोष उघड आहेत : ती हरवते, चोरीस जाते, तिची नक्कल करता येते. परंतु तिच्यात एक गुण असा आहे की एकदा हाती आल्यावर ती वापरण्यासाठी तिसऱ्या कोणाची संमती लागत नाही. मराठी कुटुंबात सासूने सुनेच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देणे हे सत्तांतर मानले गेले ते यामुळेच. चाळीत किंवा इमारतीत शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून गावी जाणे हा विश्वासाचा व्यवहार होता तोही याच कारणाने. किल्ली दिली म्हणजे अधिकार खरोखरच दिला जाई. तिच्या वापरावर नजर ठेवण्याची सोय नव्हती, म्हणून विश्वास ठेवावा लागे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०९ मध्ये लिहिलेल्या ‘पूल आणि दार’ या निबंधात दाराचे वेगळेपण मार्मिकपणे मांडले आहे. भिंत केवळ अलग करते. दार अलग करणे आणि जोडणे या दोन्ही क्रिया एकाच कृतीच्या दोन बाजू म्हणून दाखवते. दार उघडता येते, म्हणूनच ते बंद असण्याला अर्थ प्राप्त होतो. झिमेल यांच्या विवेचनात हे उघडणे-मिटणे माणसाच्या स्वातंत्र्याशी निगडित आहे : स्वतःभोवती सीमा आखणारा आणि ती ओलांडू शकणारा प्राणी म्हणजे माणूस. या विवेचनात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की सीमा आखणारा आणि ती ओलांडणारा एकच आहे. स्मार्ट कुलपाने नेमके हेच गृहीत डळमळीत केले आहे.

फ्रेंच विचारवंत ब्रुनो लातुर यांनी या चर्चेला यंत्राची बाजू जोडली. १९८८ मध्ये ‘जिम जॉन्सन’ या टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी आपोआप दार लावणाऱ्या साध्या यंत्राचा अभ्यास केला. माणसाने करायचे काम यंत्राकडे सोपवले की यंत्रही माणसाकडून विशिष्ट वर्तनाची अपेक्षा करू लागते, हा त्यांचा मुद्दा. जोरकस स्प्रिंगचे दार लहान मुले, वृद्ध आणि हाती सामान असलेल्यांना अडवते. म्हणजे निर्जीव वस्तूही भेदभाव करते. त्यांच्या १९९३ मधील ग्रंथाला नाव देणारी ‘बर्लिनची किल्ली’ याहून बोलकी आहे. या किल्लीला दोन्ही टोकांना दाते असतात. रात्री दार उघडल्यावर ती कुलपातून आरपार ढकलून पलीकडच्या बाजूने घ्यावी लागते आणि दार पुन्हा बंद केल्याखेरीज ती हातात येत नाही. ‘रात्री दार लावून घ्यावे’ ही पाटीवरची विनंती येथे लोखंडात उतरली आहे. तथापि ही सक्ती भाडेकरूच्या डोळ्यांसमोर असते. दाते दिसतात, नियम कळतो आणि तो रातोरात बदलत नाही. स्मार्ट कुलपात उतरलेले नियम दिसत नाहीत आणि ते दुरून बदलता येतात.

३. साहित्यातील बोलकी दारे

शब्दाने उघडणारे दार कथेला फार पूर्वीपासून परिचित आहे. अलिबाबाच्या गोष्टीतील गुहा तिळाचे नाव घेतल्यावर उघडते. या गोष्टीतील खरी शोकांतिका कासीमची आहे. तो शब्द उच्चारून आत जातो, धनाच्या मोहात शब्द विसरतो आणि बाहेर पडू शकत नाही. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अट एकच असेल तर दाराचा सापळा होतो, हे सत्य या लोककथेने यंत्रयुगाच्या कितीतरी आधी सांगून ठेवले आहे.

रे ब्रॅडबरी यांची ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ ही कथा मे १९५० मध्ये ‘कॉलिअर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अणुस्फोटात कुटुंब नष्ट झाले आहे, पण त्यांचे स्वयंचलित घर न्याहारी करते, सफाई करते, वेळ सांगते. कोल्हा किंवा मांजर जवळ आले की ते परवलीचा शब्द विचारते आणि उत्तर न मिळाल्यास खिडक्या मिटून घेते. एक मरणासन्न कुत्रा दाराशी येतो तेव्हा त्याचा आवाज ओळखून दार उघडते. कथेतील करुणा या तपशिलांत आहे. संरक्षणाची क्रिया अखंड चालू आहे आणि संरक्षण करावे असे कोणी उरलेले नाही. पुस्तकरूपातील आवृत्तीत कथानक २०२६ या वर्षात घडते, हा तपशील आजच्या वाचकाला चटका लावणारा आहे. तरीही चिकित्सेच्या दृष्टीने या कथेला एक मर्यादा आहे. ब्रॅडबरींचे घर आंधळे असले तरी एकनिष्ठ आहे. ते मालकांविरुद्ध कधी जात नाही. यंत्राचा मालक आणि घराचा मालक वेगळे असू शकतात ही शक्यता तिच्यात नाही.

ती शक्यता फिलिप के. डिक यांच्या ‘युबिक’ (१९६९) या कादंबरीने ओळखली. तिच्यातील जो चिप या कफल्लक तंत्रज्ञाला स्वतःच्याच घराचे दार उघडायचे आहे आणि दार पाच सेंट मागते. हे पैसे ऐच्छिक बक्षिसी आहेत असा त्याचा दावा. दार त्याला खरेदीच्या वेळी सही केलेला करार पाहण्यास सांगते. तो करार काढून पाहतो तेव्हा दाराचेच म्हणणे खरे निघते. मग तो सुरीने कुलपाचे स्क्रू काढू लागतो आणि दार खटल्याची धमकी देते. अखेरीस भेटीला आलेला परिचित बाहेरच्या बाजूने नाणे टाकतो, तेव्हा दार उघडते.

हा प्रसंग विनोदी म्हणून वाचला जातो आणि तो विनोदी आहेही. परंतु त्याचे मर्म करारात आहे. जो चिपने घर विकत घेतले आहे, तरी दाराची सेवा त्याला दरवेळी विकत घ्यावी लागते. घराच्या आत असलेला मालक हतबल आहे आणि खिशात नाणे असलेला पाहुणा समर्थ आहे. मालकी आणि प्रवेश यांची ही फारकत डिक यांनी १९६९ मध्ये अचूक टिपली. तथापि आजच्या वास्तवाच्या तुलनेत डिक आशावादीच म्हणावे लागतील. त्यांचे दार भांडते, कारण सांगते, कराराचा हवाला देते. आणि कराराची प्रत घरातच असते. आजचे कुलूप नकार देताना केवळ लाल दिवा दाखवते. वापराच्या अटी कंपनी एकतर्फी बदलू शकते. स्क्रू काढण्यासाठी सुरी आजही घरात आहे, पण नकार ज्या ठिकाणी ठरतो तो सर्व्हर घरात नाही.

४. निर्णय कोठे होतो?

स्मार्ट कुलपाची रचना ढोबळमानाने चार स्तरांत मांडता येते. पहिला स्तर यांत्रिक : बॅटरीवर चालणारी छोटी मोटर कुलपाचा दांडा सरकवते. दुसरा ओळखीचा : संकेतांक, बोटाचा ठसा किंवा मोबाईल. तिसरा जोडणीचा : ब्लूटूथ, वाय-फाय, झिगबी, झेड-वेव्ह यांपैकी एखाद्या मार्गाने कुलूप घरातील मध्यवर्ती हबशी बोलते. चौथा स्तर घराबाहेरचा, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरचा. स्वयंचलनाचे नियम तिसऱ्या वा चौथ्या स्तरावर राहतात : रात्री अकरानंतर कुलूप लाव, धुराचा इशारा मिळाल्यास उघड, मालकाचा मोबाईल घराजवळ आला की उघड.

येथे कळीचा प्रश्न असा की ‘उघड’ हा निर्णय कोणत्या स्तरावर होतो. तो घरातल्या घरात होत असेल तर इंटरनेट बंद पडल्याने दार अडत नाही. तो सर्व्हरवर होत असेल तर घराचे दार दूरच्या कार्यालयाच्या स्वाधीन असते. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे स्थानिक जाळ्यावर परस्परांशी बोलू शकावीत यासाठी ‘मॅटर’ या मानकाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली आणि तिच्यात दारांच्या कुलपांचा समावेश होता. हे पाऊल स्वागतार्ह आहे. कारण निर्णय घरात परत आणण्याची तांत्रिक वाट त्यामुळे उपलब्ध झाली.

ओळखीचा स्तरही वाटतो तितका नेमका नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका घरात शेजाऱ्याने बाहेरूनच मोठ्याने आज्ञा दिली, ती बैठकीच्या खोलीतील टॅब्लेटने ऐकली आणि दार उघडले. ब्रॅडबरींच्या घराप्रमाणे येथेही शब्द ओळखला गेला. माणूस ओळखला गेला नाही. मे २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा संशोधन संस्थेने दाखवून दिले की दूर असलेल्या मोबाईलचा ब्लूटूथ संदेश मध्यस्थ उपकरणांद्वारे कुलपापर्यंत पोहोचवता येतो आणि मालक दाराशी उभा आहे असे कुलपाला वाटते. जवळ असणे म्हणजेच अधिकार असणे, हे समीकरण त्यामुळे धोक्यात आले.

५. नकाराचे प्रसंग

एखाद्या व्यवस्थेचे खरे स्वरूप ती सुरळीत चालते तेव्हा दिसत नाही. ती नकार देते तेव्हा दिसते. पुढील चार प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग रिव्हॉल्व्ह या हबचा. दिवे, कुलपे आणि अन्य उपकरणे एकत्र चालवणारा हा हब बनवणारी कंपनी नेस्टने २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. सुमारे ३०० डॉलर देऊन घेतलेले उपकरण ग्राहकांच्या घरात धडधाकट स्थितीत निकामी झाले. दुसरा प्रसंग ऑगस्ट २०१७ मधील. लॉकस्टेट या कंपनीने एका प्रकारच्या कुलपांना चुकून दुसऱ्या प्रकारासाठीची प्रणाली दुरून पाठवली आणि सुमारे ५०० कुलपांचे संकेतांक चालेनासे झाले. यांतील अनेक कुलपे पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांची होती. चोर नव्हता, दरोडा नव्हता. दुरुस्तीच्या हेतूने पाठवलेल्या संदेशानेच दारे अडली.

तिसरा प्रसंग न्यूयॉर्कमधील हेल्स किचन भागातील इमारतीचा. घरमालकाने प्रवेशद्वाराला ॲपवर चालणारे कुलूप बसवले. काही भाडेकरूंनी, ज्यांत वयोवृद्धही होते, त्यास हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. मे २०१९ मधील तडजोडीनुसार भाडेकरूंना धातूची किल्ली मिळाली. पुढे न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये भाडेकरूंच्या माहितीच्या खासगीपणाविषयी कायदा केला आणि प्रवेशाच्या नोंदी किती काळ ठेवाव्यात यावर ९० दिवसांची मर्यादा घातली. लातुर यांनी साध्या स्प्रिंगविषयी जे म्हटले होते ते येथे शब्दशः खरे ठरते : मोबाईल न बाळगणाऱ्या वृद्धाला दाराने परके ठरवले.

चौथा प्रसंग सर्वांत गंभीर आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जून २०१८ मध्ये घरगुती हिंसाचारात स्मार्ट उपकरणांचा वापर कसा होतो याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात घराच्या दाराचा संकेतांक रोज बदलत असल्याचा एका स्त्रीचा अनुभव नमूद आहे. यंत्रणा बसवणारा आणि तिचा मुख्य वापरकर्ता बहुधा पुरुष असतो, आणि घर सोडून गेल्यावरही नियंत्रण त्याच्या मोबाईलमध्ये राहू शकते. ‘घरमालकाच्या हाती संपूर्ण नियंत्रण’ या जाहिरातीतील वचनाची ही दुसरी बाजू आहे. घर एकाचे नसते. त्यात राहणाऱ्या सर्वांचे असते. किल्ल्यांचा जुडगा एकदा सुनेच्या कमरेला गेला की तो दुरून काढून घेता येत नसे. परवानगी मात्र दुरून, क्षणात आणि कारण न देता काढून घेता येते.

६. नोंद आणि विश्वास

स्मार्ट कुलपाचा मोठा गुण म्हणून प्रवेशाच्या नोंदीचा उल्लेख होतो. कोण केव्हा आले, केव्हा गेले हे मालकाला कळते. घरकामासाठी येणाऱ्या स्त्रीला सकाळी नऊ ते अकरा चालेल असा स्वतंत्र संकेतांक देता येतो. नोकरदार कुटुंबाची यात सोय आहे हे नाकारता येत नाही. परंतु याच नोंदीतून त्या स्त्रीच्या येण्या-जाण्याचा मिनिटामिनिटांचा हिशेब तयार होतो. तो तिच्या पाहण्यात नसतो आणि दहा मिनिटांचा उशीर वादाचा विषय होऊ शकतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातील तरतुदीनुसार एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती प्रयोजनासाठी केलेली माहितीवरील प्रक्रिया अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे ज्या घरात ही नोंद प्रत्यक्ष वापरली जाते, तेथे काम करणाऱ्या व्यक्तीला या अधिनियमाचा आधार मिळणे कठीण आहे.

शेजाऱ्याकडे ठेवलेल्या किल्लीशी याची तुलना केल्यास बदलाचे स्वरूप स्पष्ट होते. त्या व्यवहारात फसवणुकीचा धोका होता आणि धोका होता म्हणूनच विश्वासाला मूल्य होते. नोंद असली की विश्वासाची गरज उरत नाही. आणि जेथे गरज उरत नाही तेथे तो निर्माण होण्याची संधीही उरत नाही. पाहुण्यासाठी दोन दिवसांचा संकेतांक सोयीचा खराच, पण गावी जाताना शेजारच्या काकूंना ‘लक्ष ठेवा’ म्हणून सांगण्याचे निमित्त त्याने हिरावून घेतले आहे.

७. पूर्वपक्षाचा विचार

वरील विवेचनावरून स्मार्ट कुलूप सर्वथा त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे एकांगी होईल. हातांची पकड गेलेल्या किंवा चाकांच्या खुर्चीवर असलेल्या व्यक्तीला अंथरुणावरून दार उघडता येणे ही सोयीपलीकडची, स्वावलंबनाची गोष्ट आहे. दूरगावी राहणाऱ्या मुलांना वृद्ध आईवडिलांच्या घरी डॉक्टर किंवा शेजारी तातडीने पोहोचवता येतो. विसराळूपणाने उघडे राहिलेले दार आपोआप बंद होते. किल्ली हरवल्यावर कुलूप बदलावे लागते. संकेतांक मात्र विनाखर्च बदलता येतो. धातूची किल्ली अन्यायापासून मुक्त होती असेही नाही; किल्ल्या कमरेला बाळगणाऱ्या सासूने घरात किती जणांना उपाशी ठेवले याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

हे सर्व मान्य करूनही मूळ आक्षेप कायम राहतो. या लाभांपैकी एकाही लाभासाठी दाराचा अंतिम निर्णय घराबाहेरच्या सर्व्हरवर असणे आवश्यक नाही. अपंग व्यक्तीला हवे ते दार उघडणे. कंपनी बंद पडली की तिचे दारही बंद पडणे हे तिला नको आहे. म्हणजे आक्षेप कुलपाच्या हुशारीवर नसून तिच्या स्वामित्वावर आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) स्मार्ट कुलपाने प्रवेशाचा आधार वस्तू बाळगण्यावरून परवानगी मिळण्यावर नेला आहे. परवानगी देणारा घरात नसेल तर घराचा मालक स्वतःच्या दारापुढे अर्जदार ठरतो.

२) घरगुती स्वयंचलनात दार आणि दिवा यांना एकाच मापाने मोजणे ही वर्गीकरणाची चूक आहे. दाराबाबत निर्णय घरातच व्हावा आणि इंटरनेट वा वीज नसतानाही ते चालावे, ही किमान अट मानली पाहिजे.

३) आतून बाहेर पडण्याला कोणतीही ओळख वा परवानगी लागता कामा नये. कासीमची कथा आणि हिंसाग्रस्त स्त्रीचा अनुभव या दोहोंचा इशारा हाच आहे.

४) घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीकडे, तसेच भाडेकरूकडे, दुरून रद्द करता न येणारे प्रवेशाचे एक साधन असावे. आजमितीस असे साधन धातूची किल्ली हेच आहे.

५) ज्यांच्या येण्या-जाण्याची नोंद होते त्यांना ती पाहता यावी आणि ठरावीक मुदतीनंतर ती नष्ट व्हावी.

झिमेल यांनी दारात माणसाचे स्वातंत्र्य पाहिले, कारण ते उघडण्या-मिटण्याचा निर्णय माणसाचा होता. डिक यांच्या नायकाला तो निर्णय परत मिळवण्यासाठी सुरी घ्यावी लागली. स्मार्ट कुलूप विकत घेणाऱ्याने त्याच्या गुणांची यादी जरूर वाचावी. पण त्याआधी हे कुलूप नाही म्हणाले तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर घराच्या उंबरठ्याच्या आत सापडत असेल, तरच ते कुलूप त्या घराचे.